खोकडावर नजर

अक्कलकुव्याजवळ हमरस्त्यावर ट्रकची धडक बसलेलं एक नर खोकड, म्हणजे लहान चणीचा कोल्हाच, माझ्या तळोद्याच्या जनावरांच्या दवाखान्यात आलं. त्याचा मागचा पाय मोडला होता. दात मात्र शाबूत होते, हे मला पहिल्याच इंजेक्शनला कळलं.

पाय जुळला, जरा वाकडाच. थंडीत प्रकाशा गावाकडच्या एका गवताळ माळावर आम्ही त्याला सोडलं. इतके दिवस मी त्याला हाताने खाऊ घातलं होतं. जाताना एकदा तरी मागे वळून बघेल, अशी माझी भाबडी समजूत. त्याने गवतात उडी मारली आणि विषय संपला.

वनखात्याच्या साहेबांनी आता त्याच्यावर दुरून देखरेख ठेवायचं ठरवलं. जनावर समोरून गेलं की आपोआप फोटो काढणारे कॅमेरे आले. ते झाडाला बांधावेत, असं सोबतच्या माहितीपत्रकात होतं. माळावर झाड नव्हतं, म्हणून लोखंडी खांब रोवले. देखरेख दुरून होती ती साहेबांची. मी दर रविवारी स्कूटीवरून माळ गाठायचा, सेल बदलायचे, कार्डं आणायची आणि घरी फोटो बघत बसायचं.

फोटो गवताचे होते. डावीकडे झुकलेलं गवत, उजवीकडे झुकलेलं गवत. ऊन तापलं की कॅमेऱ्याला प्रत्येक झुळूक म्हणजे जनावर वाटे. अधूनमधून म्हशीचं नाक. मी सगळं साहेबांना पाठवलं. त्यांचा फोन आला, "मॅडम, गवताची तब्येत उत्तम दिसतेय. खोकडाचं काय?"

म्हशी अंग घासून एक खांब वाकवत होत्या, म्हणून तो मी झुडपांच्या आडोशाला नेऊन रोवला. स्वतःच्या हुशारीवर बेहद्द खूश होते. पुढच्या रविवारी बघते तर कॅमेऱ्याच्या तोंडावर फडकं आवळून बांधलेलं. शेजारी गवताचा भारा टेकवून गावातली एक बाई उभी होती, माझ्या आईच्या वयाची.

"हाऊ डबडा तुन्हा शे का?"

"हो, माझाच."

"आम्हना फोटो काढस ना तो?"

"नाही हो माय, खोकडाचे काढतो."

"सकायले गावन्या बाया आठेच येतस. आम्हले कोनी इचारं?"

कोणीच नाही. मी वाऱ्याची दिशा विचारात घेतली होती, उन्हाची घेतली होती, म्हशींचीसुद्धा घेतली होती. सकाळी इथेच आडोशाला बसायला येणाऱ्या बायांची तेवढी राहिली होती. कार्डातलं सगळं मी न बघताच तिच्यासमोर पुसून टाकलं. त्यात खोकड असलं तर तेही गेलं.

"मग कुठे लावू?" मी विचारलं.

तिने नाल्याकडे हात केला. "तथा कोनी जात नही." खांब तिनेच धरला, मी ठोकला. मला ठोकता येत नाही, यावर ती पोटभर हसली.

त्या जागेवरच्या पहिल्याच कार्डात तो होता. कोवळं ऊन, मागे नाला आणि माझा रुग्ण वाकड्या पायावर सगळा भार टाकून, चांगला पाय वर करून सरकारी खांबावर मुतत होता. मी खुर्चीतून उठलेच. जुळवलेल्या हाडाला याहून मोठं प्रशस्तिपत्र कुठल्या विद्यापीठाने दिलं असतं? शिवाय माळ आता आपला आहे, हेही त्याने रीतसर नोंदवलं होतं.

साहेबांना मात्र संकोच वाटला. "दुसरा एखादा नाही का? वर पाठवायचाय."

"दुसऱ्यात तो निघून चाललाय, साहेब. नुसतं शेपूट दिसतंय."

त्यांनी शेपटाचा पाठवला. वरून अभिनंदन आलं, साहेबांचं.

मी मूळ फोटो मोबाइलवर घेऊन माळावर गेले आणि त्या बाईला दाखवला. तिने पदर तोंडाला लावला, मग मोबाइल हातातच घेतला. "पाय बरा व्हई गया त्याना," ती म्हणाली.

घरी नवऱ्याने विचारलं, "डोळे का लाल?" मी माळावरच्या वाऱ्यावर ढकललं.