मत सिस्टरचं, नाव माझं

सिस्टर कुठल्याही पुस्तकाला चांगलं किंवा वाईट म्हणत नसत. पुस्तक टेबलावर ठेवायच्या, पदराने कपाळ पुसायच्या आणि निकाल द्यायच्या, "जगते," नाहीतर "जगत नाही." क्वचित तिसराही निकाल असे, "जगन, पण लेखकानं आता याले हात लावू नये." मग खुर्ची ओढून बसायच्या आणि कारण सांगायच्या. ते ऐकण्यासाठी मी दर बाजाराच्या दिवशी वाचनालयात अर्धा तास जास्तीचा थांबत असे. निव्वळ प्रेमापोटी थांबत होतो असं लिहायला मला फार आवडलं असतं. पण तसं नव्हतं, आणि आता या वयात खोटं लिहायचाही कंटाळा आलाय.

त्यांचं नाव कांताबाई इंगळे. सातपुड्याच्या पायथ्याच्या गावांत सारी नोकरी नर्स म्हणून केली आणि निवृत्तीनंतर जळगाव जामोदला भावाच्या घराशेजारी दोन खोल्या बांधून राहिल्या. लग्न केलं नव्हतं. का, ते विचारायची कोणाची टाप नव्हती. आजूबाजूच्या गावांतली निम्मी माणसं त्यांच्याच हातांवर जन्मलेली. एका नगरसेवकाला त्यांनी भर चौकात "काऊन बे, मायले दवाखान्यात नेलं का नाही?" असं विचारलेलं मी ऐकलंय. तो पांढऱ्या कपड्यातला गृहस्थ मान खाली घालून "नेतो सिस्टर" म्हणाला होता. वाचायची सवय त्यांना नोकरीतच लागली. "बाळंतपणात नर्सचं काम काय असते सर? वाट पाह्यनं. लेकरू आपल्या टाइमानं येते. तोवर काय करा? वाचा," असं त्यांचं साधं गणित होतं.

मी शाळेत मराठी शिकवून निवृत्त झालो आणि वाचनालयाचा मानद सचिव झालो. मानद म्हणजे पगार नाही, पण किल्ली आहे. त्याशिवाय जिल्ह्यातल्या एका साप्ताहिकात 'नुकतंच वाचलेलं' नावाचं सदर लिहायचं मी कबूल करून बसलो होतो. संपादक माझा जुना मित्र, त्याने भरीस घातलं आणि मी हो म्हणालो. पण खरं सांगू का, मी वाचून वाचून विटलो होतो. आयुष्यभर उत्तरपत्रिका तपासलेल्या माणसाला पुस्तकाच्या पहिल्या ओळीत ऱ्हस्व-दीर्घ दिसतं आणि दुसऱ्या ओळीला झोप येते. आमची ही म्हणायची, "छातीवर पुस्तक ठेवून घोरणारा समीक्षक मी एवढा एकच पाह्यला." तिचं काही चुकत नव्हतं.

अशाच एका आठवड्यात मजकूर द्यायची वेळ आली आणि सदरासाठी आलेली जाडजूड ऐतिहासिक कादंबरी मी उघडलीही नव्हती. नेमकी तीच सिस्टरांनी वाचनालयातून नेली होती. त्या जिना चढून आल्या, पिशवीतली मेथीची जुडी बाजूला सारली आणि खालून कादंबरी काढली.

"जगत नाही," त्या म्हणाल्या. "याच्यातली राणी बाळंत झाली अन् तिसऱ्या दिवशी घोड्यावर बसली. टाके, ताप, दूध, कायचाच पत्ता नाही. या लेखकाच्या घरी कोणी बाळंत झालंच नाही काय हो?"

मला हसू आवरेना. घरी जाऊन मी एका बैठकीत तेच लिहून काढलं. 'आपल्या ऐतिहासिक कादंबऱ्यांमधल्या स्त्रियांना देह असतो की नाही' असं भारदस्त वळण दिलं, खाली माझं नाव टाकलं आणि पाठवून दिलं. संपादकाचा फोन आला, "लेका, आजवर तू असं लिहिलं नव्हतंस!" पुढे दुसरबीडहून एका बाईंचं पत्र आलं. एका पुरुषाने बाळंतिणीचा एवढा विचार केलेला पहिल्यांदाच वाचला, तुमच्या पत्नी खरोखर भाग्यवान आहेत, असं त्यात होतं. ते मी हिला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "भाग्यवान म्हणे! आधी तो चहाचा कप उचलून मोरीत ठेवा." कप मी उचलला, पण पत्र फाईलला लावून ठेवलं.

मग ती सवयच झाली. सिस्टर बोलायच्या, मी घरी येऊन लिहायचो. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो मी. यशस्वी कसं व्हावं हे सांगणाऱ्या पुस्तकाबद्दल त्या म्हणाल्या, "पहाटे चारले उठा म्हणते हा. आमच्याकडच्या बाया पाण्यासाठी चारलेच उठतात. त्या काऊन नाही झाल्या यशस्वी?" रहस्यकथेत तपास करणारा इन्स्पेक्टर त्यांच्या तावडीतून सुटला नाही. "मुडदा दहा घंट्याचा सांगते अन् त्याची मूठ अलगद उघडून चिठ्ठी काढते. दहा घंट्यानं मुडदा लाकडावानी होते, मूठ उघडून दाखव म्हना त्याले!" परदेशाच्या प्रवासवर्णनावर त्यांचा आक्षेप एवढाच होता की, साडेतीनशे पानं हा माणूस पायी हिंडला, पण एकदाही त्याची टाच दुखली नाही. कवितासंग्रह मात्र त्या हळू आवाजात परत करायच्या. एकदा म्हणाल्या, "याच्यात एक कविता जगते. बाकीच्या तिच्या भरवशावर घरात राहून राह्यल्या." ते सगळं मी छापलं, एक शब्द वाया जाऊ दिला नाही.

त्यांना हे माहीत होतं का? साप्ताहिक त्यांच्या भावाच्या घरी येत असे, म्हणजे माहीत असणारच. "परवाचं चांगलं लिहिलं सर," असं त्या सरळ चेहऱ्याने म्हणायच्या आणि मी चष्मा पुसत बसायचो. चोराच्या मनात चांदणं. एकदाच त्या म्हणाल्या, "लिहिता चांगलं, पण माझ्या बोलण्यावर इस्त्री काऊन फिरवता? त्या राणीचे टाकेच गायब केले तुम्ही!" मी "अहो, जागा कमी होती" असं काहीतरी पुटपुटलो. त्या हसल्या आणि पुढचं पुस्तक घेऊन जिना उतरल्या. त्यांनी हसण्यावारी नेलं म्हणून मीही विषय मिटला असं समजलो.

मग ते आत्मचरित्र आलं. मजुरी करत शिकलेल्या एका बाईने आपलं बालपण लिहिलं होतं. पुस्तक लहानसं, कागदही साधाच. सदरासाठी संपादकाने तेच सुचवलं होतं, म्हणून मी ते मुद्दाम सिस्टरांच्या हातात दिलं. एरवी आठ दिवसांत पुस्तक परत करणाऱ्या सिस्टरांनी ते दोन महिने ठेवलं. परत आणलं तेव्हा त्याला खाकी कागदाचं कव्हर घातलेलं होतं. त्या खुर्चीवर बसल्या नाहीत.

"काय सिस्टर, जगते?" मी वही जवळ ओढत विचारलं.

"हे राहू द्या सर."

"असं कसं? काहीतरी सांगा की."

"सगळ्याच पुस्तकाइचं मत नसते द्याचं," त्या म्हणाल्या आणि दुसरं पुस्तक न घेताच गेल्या.

इथे मला थांबायला हवं होतं. पुस्तक माझ्या टेबलावर होतं, एका दुपारचं काम. पण माझ्या अंगात त्राण नव्हतं, उद्या मजकूर द्यायचा होता आणि तीन वर्षांत मी स्वतःचं एकही मत बनवलं नव्हतं. मी मलपृष्ठ वाचलं, आतली दोन पानं चाळली आणि लिहिलं. डोळ्यांत पाणी आलं, घास घशाखाली उतरेना, पुस्तक मिटल्यावर कितीतरी वेळ सुन्न बसून होतो, सगळं लिहिलं. त्या लेखाला मिळाली तेवढी दाद कधीच मिळाली नव्हती. बुलढाण्याहून एका प्राध्यापकांनी फोन करून "हृदयातून उतरलंय" असं सांगितलं.

पुढच्या बाजाराला सिस्टर आल्या त्या अंक हातात घेऊनच. या वेळी खुर्चीवर बसल्या. अंक टेबलावर पसरला आणि त्या ओळीवर बोट ठेवलं.

"हे पाणी कोणाच्या डोळ्यात आलं सर?"

मी वही मिटून बाजूला सारली.

"तुम्ही वाचलं काय हे पुस्तक?"

खोटं बोलायचं माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. पण त्या माझ्याकडे ज्या नजरेने बघत होत्या त्या नजरेपुढे ते जमेना. मी मान हलवली, "नाही."

त्यांचा आवाज चढला नाही. चढला असता तर बरं वाटलं असतं. "आजवर तुम्ही माझं घेतलं, मले राग नाही आला. माझं बोलणं तसंही हवेतच जात होतं. छापून आलं त बरंच झालं म्हटलं. पण मी तुमाले कधी खोटं सांगितलं नाही. हे खोटं आहे. तिनं जीव तोडून लिहिलं अन् तुम्ही तिच्यासमोर खोटं रडले." एवढं बोलून त्यांनी अंकाची घडी घातली आणि पिशवीत ठेवली.

त्यांनी वाचनालय सोडलं नाही. तेवढं त्यांनी केलं असतं तर मला त्यांच्यावर चिडायला तरी जागा मिळाली असती. दर बाजाराला त्या यायच्या, पुस्तक ठेवायच्या, दुसरं घ्यायच्या, सही करायच्या. फक्त बोलायच्या नाहीत. मी लाचारासारखा विचारायचो, "कसं होतं सिस्टर?" त्या म्हणायच्या, "तुम्ही वाचा ना." सदर मी प्रकृतीचं कारण सांगून बंद ठेवलं. संपादकाला वाटलं, त्या आत्मचरित्राने मी हादरलोय. त्याने फोनवर माझं सांत्वन केलं.

शेवटी मी ते पुस्तक वाचायला घेतलं. सव्वाशे पानांना महिना लागला. डोळ्यांत पाणीबिणी काही आलं नाही. मध्ये एक प्रसंग आहे. या मुलीच्या वर्गावरचे मास्तर काही वाईट नव्हते, मारत नव्हते, टाकून बोलत नव्हते. ती मागच्या कोपऱ्यातून हात वर करायची आणि वर्षभर तो हात त्यांना दिसला नाही, एवढंच. ते वाचून मला राग आला, तोही लेखिकेचा. साठ पोरांच्या वर्गात मास्तरने काय काय बघायचं हो? मी पुस्तक आपटून ठेवलं आणि दोन दिवस त्याला शिवलो नाही. तिसऱ्या दिवशी हिने विचारलं, "कोणावर चिडून राह्यले एवढे?" तेव्हा मला कळलं की मी कोणावर चिडलोय. माझ्या वर्गातल्या मागच्या कोपऱ्यातला एकही चेहरा मला आठवत नव्हता.

तोवर सिस्टर अंथरुणाला खिळल्या होत्या. किडनीचं दुखणं, आमच्या खाऱ्या पाण्याच्या खारपाणपट्ट्यात ते काही नवलाचं नाही. आपल्या पायांवरची सूज त्यांनी डॉक्टरच्या आधी ओळखली होती. मी त्यांच्या खोलीवर गेलो, खाटेजवळ बसलो आणि ते मास्तर, माझा राग, कोपरा, सगळं जसंच्या तसं सांगितलं. त्या डोळे मिटून ऐकत होत्या.

"रडले नाही ना?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"मंग बरोबर वाचलं," त्या म्हणाल्या. किती महिन्यांनी तो आवाज ऐकत होतो! मला फार बरं वाटलं, लहान पोरासारखं. मग त्यांनी त्या पुस्तकाबद्दल मला चार वाक्यं सांगितली. ती मी इथे लिहिणार नाही. उठताना त्यांनी माझी बाही धरली. "तुमचं हे मास्तराचं छापा सर. पह्यलं खोटं होतं तेही छापा."

"छापतो," मी म्हणालो. पण ते छापायचं म्हणजे तीन वर्षांचं सगळंच सांगणं आलं, प्राध्यापकांचा फोन आणि दुसरबीडच्या बाईंचं पत्र परत करणं आलं. पुढच्या अंकात लिहू म्हणालो, मग त्याच्या पुढच्या. थकलोय, डोळे दुखतात, संपादक गावाला गेलाय. थकवा मोठी सोयीची चीज आहे, त्याच्यावर कोणी संशय घेत नाही. थंडी सुरू झाली आणि एका सकाळी सिस्टरांचा भाऊ सांगत आला की त्या गेल्या.

वाचनालयात आम्ही शोकसभा घेतली. खाली गल्लीपर्यंत माणसं उभी होती. मी बोलायला उठलो आणि सगळं सांगितलं. म्हणालो, "माझ्या सदरातलं एकही मत माझं नव्हतं. राणी, इन्स्पेक्टर, पहाटे चारला उठणाऱ्या बाया, सगळं सिस्टरांचं. मी फक्त लिहून घेतलं आणि खाली स्वतःचं नाव टाकलं. त्या आत्मचरित्रावर जे लिहिलं ते मात्र माझं होतं, आणि ते खोटं होतं." म्हटलं, आता कोणीतरी उठेल, जाब विचारेल. त्याची मी तयारी करून आलो होतो.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. शोकसभेत टाळ्या वाजवू नयेत हेसुद्धा विसरले. संपादक समारोपाला उठला. "सरांचा मोठेपणा बघा," तो म्हणाला. "आपल्या आयुष्यभराच्या व्यासंगाचं श्रेय त्यांनी आज एका साध्या नर्सच्या पायाशी वाहिलं!" पुढच्या रांगेत सिस्टरांचा भाऊ बसला होता. तो माझ्याकडे बघत होता, त्याने टाळी वाजवली नाही.

सभा संपल्यावर माणसं एकेक करून जवळ आली. "असं कोण बोलते हो आजकाल," एकजण म्हणाला. त्याला मी सांगितलं की अहो, मोठेपणा नाही, खरोखरच तसं आहे. तो आणखीच भारावला. दुसऱ्यालाही सांगून पाहिलं. तो म्हणाला, "सर, हीच तुमची नम्रता." मग तिसरा आला, त्यानेही माझा हात हातात घेतला आणि तेच म्हणाला. मला दम लागला होता, बसावंसं वाटत होतं. त्याला मी काही सांगितलं नाही. हात जोडले आणि "धन्यवाद" म्हणालो.