कोकराच्या कानाचा रंग

यंदाचा हिवाळा आईला सोसेल का, या काळजीनं सुषमाला पछाडलं होतं. यवतला सासरी मुलांचे डबे भरताना, गॅसपाशी उभं असतानासुद्धा तिला माहेरचा आईचा खोकला ऐकू येई.

आईचं, सगुणाबाईंचं, निम्मं आयुष्य मेंढरांमागं कोकणात जाण्या-येण्यात गेलेलं. बाळंतपणंसुद्धा वाटेवरच. आता मल्हारनं, त्यांच्या थोरल्यानं, वडगाव रासाईच्या रानात स्लॅबचं घर बांधलं, आईला स्वतंत्र खोली दिली. पण दिवे लागले की म्हातारी घोंगडं काखोटीला मारून बाहेर झोपायला निघायची. गेल्या साली भीमेवरच्या धुक्यानं छाती भरली, दवाखाना झाला.

खोली उबदार दिसली तर तिचा जीव आत रमेल, असं वाटून सुषमानं २००४ च्या दसऱ्याला माहेरी येऊन शेडकार्डातला पीच रंग निवडला.

पेंटरनं दुसरा हात मारला आणि दारातून उतरतं ऊन समोरच्या भिंतीवर पडलं. सगुणाबाई उंबऱ्यातच थबकल्या.

"कोवळ्या कोकराच्या कानातनं ऊन आलं, म्हंजी असाच रंग दिसतो बघ."

मग त्या भिंतीसमोर बसूनच राहिल्या. रंग दाटत गेला, तशी कुठली कुठली माळरानं खोलीत येत गेली.

"घाट उतरताना एका झोळीत मल्हार, दुसऱ्या झोळीत कोकरू. रडायचा मल्हारच."

"आये, आज तरी हितंच झोप," मल्हार हसत म्हणाला. "लोक टोमणं मारत्यात, स्लॅब लेकाला आन् आभाळ आईला!"

"झोपते की."

पण दिवेलागणीला घोंगडं उचललंच. सुषमा चिडून मागोमाग घराच्या पाठीमागं गेली. तिथं उरलीसुरली मेंढरं जाळीच्या कुंपणात, वाघरीत, बसली होती. आई शेजारी आडवी झाली आणि जाळीच्या दोरीचं टोक तिनं मनगटाला गुंडाळलं.

"आई, आता लांडगे कुठं राहिलेत?"

"लांडग्यासाठी न्हाई गं. मेंढरू कूस बदलतं, ते हाताला कळतं. त्याबिगर डोळा लागत न्हाई."

"आणि आत?"

"आत? मधी भित हाय की."

सुषमानं दोरीवर हात ठेवला. बारीकसा हिसका आला, मग दुसरा, एखाद्या झोपलेल्या बाळाच्या श्वासासारखा. तिच्याच पापण्या जड झाल्या. घटकाभर गेली असेल. डोळे उघडले तेव्हा समोर खोलीची मागची भिंत होती; पलीकडून रंगवलेली, अलीकडून उघडी. खाटेच्या उंचीवर एक खिडकी पाडली, तर दोरी आत येईल.

"आई, हितं खिडकी पाडू या?"

सगुणाबाई उठून बसल्या. "आगं, एवढ्या चांगल्या रंगाला भगदाड पडंल! मल्हार आकाशपाताळ एक करंल."

"करू दे."

घर बांधणारा गवंडी जालिंदर तळेगाव ढमढेरेचा होता, आणि त्याचा नंबर तिला पाठ होता. आधी त्याला फोन, मल्हारला मागाहून सांगता येईल, असं ठरवून सुषमा पुढच्या खोलीतल्या फोनकडे निघाली.