सतरंजीवरचे बूट

त्या गुन्ह्यातलं मला सगळ्यात आधी आठवतं ते आरोपीचं अनवाणी ठाण्यात येणं. आता मी पोलिसात नाही, पण ते पाय विसरलेले नाहीत.

नांदेड जिल्ह्यातल्या एका गावात ग्रामसभा बंद पडल्या होत्या. तिथले लाडके नेते, सगळे त्यांना भाऊ म्हणत, मैदानात सभा घेऊन म्हणायचे, "मंजूर असेल तर हात वर करा." झाला निर्णय. "ग्रामसभा घ्या" एवढीच मागणी घेऊन काही गावकरी ग्रामपंचायतीसमोर सतरंजी टाकून बसले. एका दुपारी भाऊंच्या गाडीवर दगड आला. पळापळ झाली.

मी बंदोबस्तावर होते. भाऊंचा एक कार्यकर्ता धावत आला. "मॅडम, त्यो टेलर! म्या बघितलंय."

सतरंजीवरून उठून पळालेल्या टेलरला रस्त्यातूनच ठाण्यात आणलं. मागोमाग कार्यकर्ता मोबाइलमधली क्लिप घेऊन हजर. तोंडाला रुमाल बांधलेला माणूस, सतरंजीच्या मधोमध उभा राहून दगड मारताना.

"अटक दाखवा," वरिष्ठ म्हणाले. "उद्या आंदोलनाची परवानगी रद्द करू."

मी चौकशीला बसले.

"भाऊंवर राग होता?"

"राग कशाचा? मत त्यांनाच दिलंय मी."

"मग आंदोलनात कशाला बसलात?"

"मत दिलं मॅडम, बोलायचं न्हाई सोडलं."

हवालदार हसले. "टेलरमास्तर, भाषण पुरे. चप्पल कुठं टाकून आलात?"

"तिथंच ऱ्हायली. सतरंजीवर चप्पल घालून कोण बसतंय, साहेब?"

मी क्लिप पुन्हा लावली. आजूबाजूला सगळे अनवाणी. दगड मारणाऱ्याच्या पायात मात्र पांढरे बूट, एकाची नाडी निळी. मान वर केली, तर बाकावरचा कार्यकर्ता पाय बाकाखाली ओढून घेत होता.

"पाय पुढे घ्या," मी म्हणाले.

निळी नाडी दिसली. दगड आपणच मारल्याचं त्याने कबूल केलं. क्लिप त्याच्या मित्राने काढली होती.

"भाऊंनी सांगितलं होतं?"

"न्हाई मॅडम, त्यांनी कायबी सांगितलं न्हाई. मला वाटलं, खूश होतील."

वरून फोन आले. मी जबाब आहे तसाच ठेवला आणि टेलरला सोडलं.

सगळी जनता माझीच, असं नेता रोज म्हणू लागला की समोर बसलेला माणूस लोकांना गुन्हेगार दिसू लागतो. मग दगड उचलायला हुकूमही लागत नाही. हे मी त्या बाकासमोर शिकले.

दुसऱ्या सकाळी टेलर माझ्याकडे न बघता चप्पल काढून जागेवर जाऊन बसला. कडेची चपलांची रांग आदल्या दिवसापेक्षा लांब होती. मी बूट घालून सतरंजीच्या बाहेर उभी राहिले.