कामाला एकटीनं जायचं न्हाई

मुखेडहून आम्ही नवरा-बायको लातूरला आलो तेव्हा एसटीतून उतरून सरळ गल्लीत गेलो. गल्ली सगळी आमच्याच भागातल्या माणसांची. खोली मिळाली, उसनं पीठ मिळालं, आणि लगेच कामही: क्लासच्या पोरांच्या मेसमध्ये पोळ्या लाटायचं. किती हायसं वाटलं होतं! आता त्याच गल्लीत जीव गुदमरून राहिलाय. मेसवाल्यांना पक्कं ठाऊक, या बाया दुसरीकडं जात न्हाईत. एकीनं सोडलं तर तिच्या जागी गल्लीतलीच दुसरी, त्याच पगारावर. मग वाढवतंय कोण? मुडदा बसवला त्यांचा!

नवरा बांधकामावर परांचीवरून पडला, कंबरेतनं गेला. औषध आणलं तर भाजी न्हाई, अशी गत. मेसमधून डबा नेणाऱ्या एका नर्सला माझी दया आली. म्हणाली, "आमच्या दवाखान्यात मावशीची जागा हाय, या. पगार लई बरा हाय."

पण गल्लीची रीत अशी, की कामाला एकटीनं जायचं न्हाई, जोडीला एकीला न्यायचंच. मलाही तसंच कुणीतरी नेलं होतं. मी गल्लीतच राहणाऱ्या धाकट्या जावेला घेऊन गेले.

दवाखान्यातल्या मॅडम म्हणाल्या, "जागा एकच आहे."

"दोघी वाटून करू की," मी म्हणाले. त्या हसल्या.

बाकावर सीमेपलीकडची एक म्हातारी कानडीत कळवळून काहीतरी विचारत होती. कुणालाच समजेना. माझी जाऊ सीमेलगतच्या निलंग्याकडची, तिनं पटकन कानडीत उत्तर दिलं. मॅडमनी तिच्याकडं बघितलं आणि माझं नशीब फुटलं.

बाहेर आल्यावर ती रडली. "आक्का, ही जागा तुमची हाय. मी न्हाई जात."

"जा बाई," मी म्हणाले. काळीज तुटत होतं, पण दुसरं काय म्हणणार?

पुढं तिनं दवाखान्याजवळ खोली केली. तिथं आणखी एक जागा भरली गेली, तरी तिनं मला कळवलं न्हाई. नवऱ्याचं औषध संपलेलं. मी तरातरा दवाखान्यात गेले, तिला गाठलं. "मला का न्हाई सांगितलं गं?"

तिनं मान खाली घातली. "आक्का, तुम्ही एकट्या आला असता का?"

मी मागं वळून बघितलं. फाटकाशी गल्लीतल्या दोघी उभ्या होत्या. मीच आणलं होतं त्यांना, सोबत.