तेल हुंगणारी बाई

लोणारच्या बाजारात ती भेटायची. तेल घेण्याआधी एक थेंब तळहातावर चोळायची, हुंगायची आणि डोळे मिटून थांबायची. मी पहिल्या लेकराची आई, नाकात नवी फुली. मला हसू यायचं. फुलीखालचं नाक मात्र नुसतं शोभेचं!

एकदा तिनं माझा भरलेला गडू हुंगला आणि तेल रस्त्यावर ओतलं.

"काऊन सांडलं वो?" मी ओरडले.

"घरी लेकरू हाये ना? तुले वास नाही आला?"

"नाही."

"मंग मले तुह्यंच भेव वाटते, माय."

पुढच्या बाजारी तेलाचं दुकान बंद. तेच भेसळीचं तेल खाऊन दुकानदाराच्या घरात सगळ्यांचे पाय सुजले होते.

आता मीही तेल हुंगते. वास आला नाही, की माझ्या नाकाचीच जास्त भीती वाटते.