सुताराच्या ठोक्याला ओ देऊ नये

राजू पहिल्या एस.टी.नं हिंगणघाटला आला आणि अंगणातूनच त्यानं हाक दिली, "काकू!" केळझरकडच्या आमच्या त्या घरात वाढलेलं माणूस कुणाच्याही दारावर थाप मारत नाही. मी बाहेर आले. त्याच्या पायात चप्पल नव्हती. "आई गेली. झोपेतच," तो म्हणाला. माझ्या थोरल्या जाऊबाई गेल्या होत्या, डोळ्यांत पाणी यायला हवं होतं... पण खरं सांगते, आधी भीती आली. मॅट्रिक झालेली बाई मी, तरी त्या पोरक्या झालेल्या पोराला पहिला प्रश्न विचारला तो असा : "काल दिवसा दारावर ठोका आला होता का रे? कोणी ओ तर नाही ना दिली?"

आणीबाणी लागायच्या आदल्या वर्षी लग्न होऊन मी त्या घरात गेले. केळझरपासून आत, डोंगराच्या पायथ्याशी, शेतातलंच एकटं घर. मागे मोहाचं जुनं झाड, त्याची एक फांदी वाळून कोळ झालेली. हिंगणघाटच्या गिरणीच्या भोंग्यावर वाढलेली मी, मला तिथली शांतताच खायला उठायची. पहिल्याच आठवड्यात भर सकाळी मागच्या दारावर टक-टक-टक झालं. कोण आलं म्हणून मी उठले, तर बाईंनी (मी जाऊबाईंना बाईच म्हणायची) माझं मनगट असं धरलं की बांगडी पिचली. दाराकडे तोंड करून त्या खणखणीत आवाजात म्हणाल्या, "घरी कोणी नाई. पुढच्या घरी जाय." पुढे घर कुठलं, सगळा डोंगरच! मला हसू आलं होतं, पण त्यांचा चेहरा पाहिला आणि ते घशातच राहिलं. फटीतून दिसलं, चौकटीवर एक मोठा सुतार पक्षी बसला होता. सोनेरी पाठ, लाल तुरा, सुळ्यासारखी चोच. मग बाईंनी सांगितलं. त्यांचा पहिला मुलगा तापानं फणफणला होता तेव्हा असाच ठोका आला. त्यांनी "कोण हाय?" म्हणून दार उघडलं, तर कोणी नाही, चौकटीवरून हाच पक्षी उडाला. दिवस मावळेपर्यंत मूल गेलं. "म्या ओ देल्ली वो शालू," त्या म्हणाल्या. "म्याच त्या मरनाले घरात घेतलं."

आता कुणी म्हणेल, चौकटीला भुंगा लागला होता, पक्षी किडे टिपत होता. माझे यजमानही तेच म्हणायचे आणि वर "भित्यापाठी ब्रह्मराक्षस" असं चिडवायचे. पण बाईंनी त्या पक्ष्याला एक दगड मारला नाही. उलट त्याच्यावर डोळा ठेवला. सकाळी तो मोहाच्या ढोलीतून डोकं कधी काढतो, पळसावर जातो की बाभळीवर, त्याची मादी कुठं आहे, पिलं झाली की फेऱ्या कशा वाढतात, हे त्या चुलीपाशी बसून खिडकीतून पाहत राहायच्या. टिटवी, पिंगळा, सातभाई, सगळ्यांची खबर त्यांच्याकडे. लोकांना वाटे बाईंना पाखरांची हौस आहे. हौस कसली! "ज्याचं भेव हाय त्याच्यावर डोया ठेवा लागते. तो झाडावर दिसला म्हंजे दारावर नाई," त्या म्हणायच्या. संध्याकाळी तो ढोलीत शिरल्याशिवाय त्या दार लावत नसत. हळूहळू मीही त्यांच्या शेजारी बसू लागले, आणि त्यांची भीती मलाही लागली.

राजू तेव्हा दीड-दोन वर्षांचा असेल. पुरुषमंडळी कापसाच्या बैलबंड्या घेऊन बाजाराला गेली होती. दिवस बुडाला होता, उजेड अजून थोडा रेंगाळत होता. राजू रडत होता म्हणून त्याला कडेवर घेऊन, बाईंना न सांगताच, पुढच्या दारानं मी मागच्या गोठ्यात वासरू दाखवायला गेले. परतताना सातभाईंनी एकदम कल्ला केला आणि गप्प झाले. मी वळून पाहिलं. गोठ्याच्या कुडापाशी बिबट बसला होता, आमच्याकडेच बघत... माझी दातखीळ बसली. ओरडले तर अंगावर येईल असंही वाटलं. राजूच्या तोंडावर पदर दाबून मी मागं मागं सरकत दाराला पाठ टेकली आणि बोटांच्या पेरांनी ठोकलं, टक-टक-टक.

आतून बाईंचा आवाज आला, "घरी कोणी नाई. पुढच्या घरी जाय."

तो आवाज आजही कानात आहे. मी पुन्हा ठोकलं. आत सगळं चिडीचूप. बिबट उठून उभा राहिला. पदराखाली पोराचा गरम श्वास माझ्या हाताला लागत होता आणि मला वाटलं, संपलं... तेवढ्यात मागे कडी वाजली, दार उघडलं आणि मी पोरासकट पाठीवरच आत पडले. बाईंनी दार लोटलं, अडणा आडवा घातला आणि दाराशी पाटा सरकवला.

दाराला पाठ लावून त्या बोलल्या. "आज म्या त्याले ढोलीत जाताना पायलं होतं. तो एकदा आत गेला का भाईर येत नाई. मंग हे ठोकून कोण राह्यलं? पन उघडाचं भेव वाटे वो..." आणि राजूला छातीशी आवळून हमसाहमशी रडायला लागल्या. "मी माह्या लेकरालेच नाई म्हनत होती."

त्या दिवसापासून घराचा नियम झाला : माणसानं हाकच मारायची, थाप मारायची नाही. पाहुणा असो की पोलीस पाटील. ठोका आला की बाईंचं उत्तर मात्र तेच राहिलं. पुढे आम्ही हिंगणघाटला आलो, थोरले दीर गेले, राजू नोकरीला वर्ध्याला लागला आणि सुट्टीला तेवढा घरी यायचा, तरी त्या तिथंच राहिल्या. मी जायची तेव्हा बांधावरूनच ओरडायची, "बाई, मी शालू!" आतून विचारायच्या, "एकटीच हायस ना वो?"

तेरवी झाली. दुसऱ्या दिवशी राजूनं घर बंद करायचं ठरवलं. भांडी बांधली, चूल विझवली. पुढच्या दाराला कुलूप मी घातलं, कारण त्याचा हात होईना. किल्ली फिरवली आणि घराच्या मागून आवाज आला, टक-टक-टक... थेट त्या मागच्या दारावर. राजू, वर्ध्याचा साहेब झालेला माणूस, लहान पोरासारखा माझ्याजवळ सरकला. माझ्या तोंडून आपसूक निघालं, "घरी कोणी नाई."

ठोका थांबला. पुढचं वाक्य मात्र जिभेवर येऊन अडलं. बाई ते बिनघोर म्हणायच्या, त्यांच्या पुढे डोंगर होता. आता त्यांच्यामागे घरात थोरली मी. पुढचं घर माझं होतं.