अडीच मिलिमीटरची पट्टी

कारखान्यात तिला सगळे आटेबाई म्हणत. गुडघ्याच्या पट्ट्याचं बिजागर असो की श्रवणयंत्राचं झाकण, छोट्या भागांत स्क्रू कुठे, किती जाड आणि किती खोल बसवायचा, हे एकवीस वर्षं तीच ठरवत होती. "हिनं बसवलेला स्क्रू म्हणजे घरी आलेला पाहुणा, हलायचं नाव नाही," असं फिटरकाका म्हणत. वरवर ती डोळे वटारायची, आतून सुखावायची.

त्या मंगळवारी सकाळी धाकट्या भावाचा फोन आला. "ताई, बाबा जिन्यात पडले. मनगट मोडलंय. गुडघ्याचा पट्टा अचानक सुटला म्हणे."

पट्टा तिच्याच कारखान्यातला, तिनंच हौसेनं आणून दिलेला.

दवाखान्यात बाबांच्या हाताला प्लास्टर होतं. उशाशी पडलेला पट्टा तिनं उचलला. निसटलेल्या स्क्रूभोवती अ‍ॅल्युमिनियमची केसासारखी तार गुंडाळली गेली होती. बिजागराच्या पट्टीतले आटेच सोलून निघाले होते.

"बाबा, हा स्क्रू तुम्ही उघडायचात?"

"दर रविवारी. पट्टा धुवायचा तर बिजागर काढावंच लागतं ना! का, उघडायचा नव्हता?"

तिनं पट्टा पिशवीत टाकला. तशीच ती कारखान्यात आली. कुणीतरी परस्पर पट्टी पातळ केली असणार, याची तिला खात्री होती. तिनं ड्रॉइंग काढलं. जाडी पाचाची अडीच मिलिमीटर केलेली, वजन कमी व्हावं म्हणून; म्हणजे स्क्रूला धरणारे आटेही अर्धेच. खाली सही तिचीच, तीन वर्षांपूर्वीची.

ती सहीकडे बघतच राहिली. भार टाकून चाचणी घेतली होती, जोड पासही झाला होता. पण तो पुन्हा पुन्हा उघडून, आवळून कुणी पाहिलाच नव्हता.

फिटरकाकांनी नवी पट्टी शिकंज्यात धरली. ती स्क्रू उघडायची, पुन्हा आवळायची. एकोणिसाव्या वेळी स्क्रू नुसताच गरगर फिरला. दुसरी पट्टी बाविसाव्या वेळी गेली.

ती थेट साहेबांसमोर उभी राहिली. "सगळे पट्टे परत मागवा."

"सातशे गेलेत बाहेर! काय बोलतेस, कळतंय का?"

"कळतंय. चूक माझी आहे. सहीही माझीच."

साहेबांनी ड्रॉइंग पुढे ओढून सही पाहिली, मग फोन उचलला. परत आलेल्या पट्ट्यांत एक दोऱ्यानं बांधलेला होता. सोबत चिठ्ठी होती. कुणीतरी आजी महिनाभर तशाच चालत होत्या.

पट्टी पुन्हा जाड झाली. स्क्रूच्या भोकात आतून आटे पाडलेली छोटी पोलादी नळी बसली, कारण पोलादाचे आटे तसे झिजत नाहीत. आता प्रत्येक नमुना आधी शंभरदा उघडतात, मगच भार टाकतात.

नवा पट्टा तिनं स्वतः बाबांच्या हाती दिला.

"रागावला नाहीत?"

"रागावलोय की! पण म्हणून काय अनोळखी माणसाचा पट्टा बांधू?"

मनगट मात्र पुरतं सरळ झालं नाही. पाण्याचा पेला बाबा आता डाव्या हातानं उचलतात, आणि ती दर वेळी नजर वळवते.